काकूच्या मालिकेतली सून

आमच्या गावात दुपारची मालिका बायका संध्याकाळी ऐकत. कापूस वेचून परतताना आई आणि तिच्या सोबतिणी शेजारच्या काकूच्या ओसरीवर टेकायच्या. मांडीचं हाड मोडल्यापासून काकू घरातच असे. दुपारी टीव्हीवर पाहिलेलं सगळं ती त्यांना सांगे. सासूचा आवाज वेगळा, सुनेचा वेगळा. दिवसभरात तिच्याकडे येणारी माणसं एवढीच.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, आईच्या वेचणीवर शिकलेली. खामगावला शाळेत लागले आणि पहिल्या पगारात आईसाठी टीव्हीच्या छत्रीचा नवा डबा घेतला. मालिका आपोआप साठवून ठेवणारा. त्या सोयीचे महिन्याला वेगळे पैसे पडत, तेही आनंदाने भरले. आईनं आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, असं फार वाटत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत डबा बसवला. पहिल्या दिवशी आई सवयीनं काकूकडून भाग ऐकूनच आली. मग मी तोच भाग लावला. सासू बोलत राहिली, सून खाली मान घालून रडत राहिली.

"तुह्या डब्यानं मधलं खाल्लं," आई म्हणाली. "सून बोललीच नाही."

"खाल्लं नाही वं, पुरा हाये."

"मंग काकूनं सांगतलं ते? 'तुमच्या भाकरी मी थापते, तं माहे दोन शब्द आयका.' असं म्हने ते सासूले."

मी पुन्हा लावलं. सून गप्पच. आई पदर तोंडाला लावून हसत सुटली, मग एकदम थांबली.

"काकूची सासू लय खट व्हती," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून बायका सरळ आमच्याकडे येऊ लागल्या. मी सगळ्यांना चहा करायचे. एकदा काकूनं ओसरीवरून विचारलं, "काऊन वं, आज कोनी थकलं नाही का?"

"आता आमी डोयानं पाहून राह्यलो, काकू!" एकीनं हसून सांगितलं.

काकूनं बसायला टाकलेलं पोतं झटकलं आणि गुंडाळून ठेवलं. आई दारातून बघत होती.

महिना संपला तेव्हा रविवारी गावी आले होते, मोबाइलवर पैसे भरायला बसले.

"टीव्हीचे भर," आई म्हणाली. "साठवाचे नको भरू."

"काऊन? तुह्यासाठीच तं घेतला."

"हाव माय, मले समजते." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पन तुह्या डब्यातली सून लय मुकी हाये."

मला वाईट वाटलं. तरी भरले नाहीत.

पुढच्या शनिवारी गावी आले, तर आई काकूच्या ओसरीपुढं उभी होती, मागे दोघीतिघी बायका.

"तुमच्या घरी मशीन हाये ना?" काकू फुगून म्हणाली.

"पोरीनं पैसेच भरले नाही त्याचे," आई म्हणाली. "बंद हाये. सांग, आज काय बोलली सून?"

काकूनं माझ्याकडे रागानं पाहिलं. "शिकली-सवरली अन् मायच्या मशीनचे पैसे भरत नाही!"

मी मान खाली घातली. काकूनं पोतं पसरलं, सरकून मलाही जागा केली, आणि सासूचा आवाज काढला.