निळ्या गोटीची बाटली

जुन्नरच्या बाजारपेठेत चांदभाईंचा गोटी सोडा होता, तोवर दुसऱ्या कुणाच्या सोड्याचं नाव निघत नसे. अंगठ्यानं गोटी आत दाबली की फस्सकन आवाज होई, लिंबाचा वास नाकात शिरे आणि पहिल्याच घोटाला डोळ्यांत पाणी येई. पुढे कंपन्यांच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आणि चांदभाईंनी सोड्याचं यंत्र भंगारात घातलं. तरी रस्त्यात कुणी ना कुणी त्यांना अडवायचंच. "चांदभाई, त्या सोड्याची सर कशालाच न्हाई राव!" म्हातारा खूश होईल असं लोकांना वाटे. चांदभाई मात्र मान खाली घालून पुढे सटकत.

त्याला कारण होती निळी गोटी.

गोष्ट नव्वदच्या सुमाराची. लग्नसराईत पेट्याच्या पेट्या सोडा नेणारे भगवंतराव एकदा दुकानात आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "चांद, समदी बाटली तोंडाला लावून पितात. बौद्धवाड्यातल्यांच्या जरा येगळ्या ठेव. न्हाईतर आमची मानसं दुसरीकडं जातील."

चांदभाईंच्या तोंडून 'नाही' निघालं नाही. धुताना बाटल्या मिसळू नयेत म्हणून काहीतरी खूण हवी होती. नेहमीच्या बाटल्यांत हिरवट गोटी असे. त्यांनी निळ्या गोटीच्या बाटल्यांची एक पेटी मागवली.

पुढच्या बाजाराला डिंगोऱ्याच्या बौद्धवाड्यातला चांगदेव आला. हातातली बाटली उन्हात धरून त्यानं निरखली आणि एकदम खुलला.

"आरं, ह्यो तर आमचा रंग! चांदभाई, मानलं बगा तुमाला. आमच्यासाठी खास निळी गोटी!"

चांदभाई नुसते हसले.

चांगदेवानं ही गोष्ट वस्तीभर केली. मग त्याची माणसं ऐटीत दुकानासमोर उभी राहत. चुकून हिरवी हातात पडली तर परत करत आणि म्हणत, "ही नगं, आमची निळी द्या." वेगळं ठेवायला काही सांगावंच लागेना. भगवंतरावही खूश होते. घरात खरी गोष्ट फक्त बायकोला, जहाँआराला, ठाऊक होती. ती एकदाच म्हणाली होती, "ये ठीक नहीं किया." चांदभाई तिच्यावर खेकसले होते.

दुकान बंद होऊनही बरीच वर्षं लोटली होती. एक दिवस चांगदेव शोधत शोधत घरी आला. केस पांढरे झाले होते, अंगात इस्त्रीचा सदरा होता.

"आळेफाट्याला घर बांधलंय, चांदभाई. काचंचं कपाट केलंय. त्यात बाबासायबांच्या फोटोखाली तुमची निळी गोटी ठेवायचीय. एखादी तरी बाटली आसंल की! नातीला सांगतो, गाव आमाला लांब ठेवत व्हतं, तवा ह्या मानसानं आमचा मान ठेवला."

एक बाटली माळ्यावर होती. 'सगळ्या फुटल्या' असं म्हणावं, असं चांदभाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण जहाँआरानं बाटली काढून, पुसून त्यांच्यासमोर ठेवली आणि हळूच म्हणाली, "अब तो बोल दो."

चांगदेवानं हात पुढे केला. चांदभाईंनी बाटली धरूनच ठेवली.

"चांगदेव, ही फोटोखाली नको ठेवूस. मानाची न्हाई ही. तुमच्या बाटल्या येगळ्या कळाव्यात म्हनून मी निळी गोटी आनली व्हती."

चांगदेवाला आधी ती थट्टाच वाटली. "काय राव, म्हातारपनी..." म्हणत तो हसला. मग त्यानं जहाँआराकडे पाहिलं. तिनं मान फिरवली होती. त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"आमी सोताच मागून घेत व्हतो," तो म्हणाला.

चांदभाई हातातली बाटली नुसती फिरवत राहिले.

"आन तुमी? तुमी कंच्या बाटलीतनं पीत व्हता?"

"हिरव्या," चांदभाई म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच जेमतेम ऐकू गेला.

चांगदेवानं त्यांच्या हातातून बाटली सोडवून घेतली आणि पिशवीत टाकली.

"घरात न्हाई ठेवनार," तो उठत म्हणाला. "पर तुमच्याकडं बी ऱ्हाऊ देनार न्हाई."

तो पायऱ्या उतरत असताना पिशवीतल्या बाटलीत गोटी किणकिणत होती. बाजारच्या गर्दीत चांदभाईंनी हा आवाज हजारदा ऐकला होता. तो गल्लीच्या टोकाला विरेपर्यंत ते दारात उभे राहिले. मागे जहाँआरानं चांगदेव आल्यावर ठेवलेले चहाचे भरलेले कप तसेच उचलून नेले.