भिंतीवर वाकळ

पेंटर रंगाचा डबा घेऊन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. त्याच्यासोबत कंपनीचा एक माणूस होता, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला बॅग. पेंटर आमच्या ओळखीचा. माझ्या खानावळीची पाटी त्यानंच रंगवून दिली होती आणि त्या दिवशी ओसरीत बसून पोटभर जेवून गेला होता. मला वाटलं, पाटीचा रंग उडालाय, ह्यांनीच बोलावलं असेल. पिठाच्या हातानंच बाहेर आले आणि म्हणाले, "या की, बसा."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, "ताई, घराचे हप्ते थकलेत. नोटीस दिली होती. आता भिंतीवर लिहावं लागतंय. तुम्ही आत जा."

मी आत गेले नाही. तिथंच उभी राहिले. पेंटरनं आधी खडूनं रेघ मारली आणि मग लाल रंगात लिहायला घेतलं. हे घर कर्जापोटी गहाण आहे, कोणीही खरेदी-विक्री करू नये, आणि खाली कंपनीचं नाव. अक्षरं सुरेख होती. तशातही ते माझ्या ध्यानात आलं आणि त्याचाच जास्त राग आला. लिहून झाल्यावर त्यानं पाणी मागितलं. मी तांब्या आणून दिला. पाणी पिऊन तो हळूच म्हणाला, "ताई, पोटासाठी करावं लागायलंय." मी मान हलवली. आत आले तर तव्यावरची भाकरी जळून काळी झालेली.

ते घर आम्ही परभणीत, जिंतूर रोडच्या अलीकडच्या एका वसाहतीत बांधलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं पत्र्याची ओसरी. माझे मालक कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. पगार वेळेवर यायचा, आमची पोरगी शाळेत जायची, माझ्या खानावळीत शिकणारी पोरं जेवायची, आणि घरासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला जायचा. मग एका हंगामात मशीनच्या पट्ट्यात त्यांचा उजवा हात गेला. हात वाचला, पण बोटं मिटेनात. दवाखान्याचं बिल जिनिंगवाल्यांनी भरलं आणि बरं वाटलं की या म्हणून सांगितलं. बोटं काही मिटली नाहीत आणि यांनाही परत कुणी बोलावलं नाही.

पहिला हप्ता चुकला तेव्हा आम्ही दोघं रात्रभर जागे होतो. पुढचे चुकत गेले तशी झोप लागायला लागली. फोन यायचे, ते आम्ही घेत नव्हतो. नोटीस आली तेव्हा दोघांनी वाचली आणि देवाच्या फळीवर ठेवून दिली. तिला उत्तर देता येतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

त्या संध्याकाळी पोरं जेवायला आली. त्यातल्या एकानं सवयीनं भिंत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि 'गहाण' ह्या शब्दावर दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. त्या दिवशी कुणी भाजी दुसऱ्यांदा मागितली नाही. रोज ताटावर कुरकुर करणारी पोरं, त्या दिवशी "लय मस्त झालीय, काकू" म्हणत होती. मला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या लुगड्यांची मोठी वाकळ काढली, भिजवली आणि गच्चीच्या कठड्यावरून भिंतीवर सोडली. अक्षरं झाकली गेली. मग रोजचंच झालं ते. एक वाकळ वाळली की दुसरी. मालक सगळं बघायचे. ते आता मागच्या खोलीतच बसून असायचे. केस कापायलासुद्धा लांबच्या दुकानात जायचे.

समोर एक कुटुंब भाड्यानं राहायचं. त्यातली बाई माझ्याच वयाची. कधी कुणाच्या हळदी-कुंकवाला जायची नाही, कुणाला घरात घ्यायची नाही. गल्लीत आम्ही तिला गर्विष्ठ म्हणायचो. एका सकाळी आभाळ भरून आलेलं होतं आणि मी वाकळ टाकत होते. ती रस्ता ओलांडून आली.

"वहिनी, आज पण वाकळ धुवायलात का?"

"हो, ढेकणं झालीत," मी म्हणाले.

तिनं वाकळीचं टोक बोटांनी चाचपलं. मग माझ्या जवळ येऊन बारीक आवाजात म्हणाली, "सगळ्यांनी पयल्याच दिवशी वाचलंय. झाकून काय उपेग न्हाई."

मला वाटलं जमीन फाटावी. इतके दिवस मी वाकळी ओढत होते, आणि गल्लीतल्या सगळ्या बाया त्या बघून खाली मान घालून जात होत्या. मी म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय आमच्या घराशी?"

ती चिडली नाही. म्हणाली, "आमचं बी होतं घर. दुसऱ्या गावात. असंच झालं. मी कडी लावून आत बसले. कुणी सांगाय आलं तर दार उघडलं न्हाई. लाज वाटायची. एक दिवस पोलीस घेऊन आले अन् सामान रस्त्यावर काढलं. माझ्या चुलीवर कुकर तसाच होता." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी बसू नका. कोर्टात एक खोली हाय, तिथं फुकट वकील भेटतो. आमाला लय उशिरा कळलं. चला, मी येते."

त्या बाईला आम्ही गर्विष्ठ म्हणत होतो.

मालक यायला तयार नव्हते. "कोर्टाची पायरी चढवायलीस का मला?" म्हणाले. शेवटी आले, पण आवाराबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिले. खोलीत आम्ही दोघी बायाच गेलो. बाकावर आणखी माणसं होती. प्रत्येकानं आपापले कागद पिशवीत, छातीशी धरलेले. मी ओळखीचं कुणी आहे का ते बघितलं आणि लगेच नजर खाली घातली, कारण बाकीचेही तेच करत होते.

वकीलबाई पन्नाशीच्या असतील. त्यांनी आधी विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे? आत्ता राहता कुठं?"

"दोघांच्या. तिथंच राहतो."

"मग घाबरायचं नाही. आज भिंतीवर लिहिलं आणि उद्या बाहेर काढलं, असं नसतं. त्यांनाही एकेक पायरी चढूनच यावं लागतं. तोवर आपण बोलू शकतो. पण फोन घ्यायचे नाहीत, नोटिशीला उत्तर द्यायचं नाही, हे मात्र बंद." मग म्हणाल्या, "बाईमाणसाला इथं फी नसते, त्यामुळं पैशाचा विचार करू नका."

मी भिंतीचं सांगितलं. ते पुसता येईल का, एवढंच मला विचारायचं होतं. त्या म्हणाल्या, "त्याच्यावरून नंतर भांडू. आधी घर."

कर्जासोबत विमा काढला होता का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मालकांना बोलवावं लागलं. मी टपरीवरून त्यांना अक्षरशः ओढत आणलं. वाटेत त्यांनी दुखऱ्या हाताची बाही खाली ओढून घेतली. वकीलबाईंनी विम्याचे कागद शांतपणे वाचले. त्यांनी मान हलवली. "हा फक्त मृत्यूचा आहे. अपंगत्व यात धरलेलं नाही."

मालक पहिल्यांदा बोलले. "म्हंजे मी त्या मशीनीत पुरता गेलो असतो तर घर मोकळं झालं असतं."

ते हसत होते. वकीलबाईंनी कागदांची घडी घातली. आणि तेवढ्यात, किती लहान क्षण असेल तो, माझ्या मनात हिशेब होऊन गेला. घर मोकळं, पोरगी शिकतीय ती शिकेल, खानावळ चालू राहील. मी तो विचार बोलावला नव्हता. तो आला, सगळं मांडून दाखवलं आणि गेला. मी त्यांच्याकडं बघितलं तर ते माझ्याकडंच बघत होते. त्यांना दिसलं का नाही, मी कधी विचारलं नाही. भिंतीची लाज गल्लीपुरती होती. ही मी आजही पाठीवर घेऊन फिरते, जेवायला वाढताना, त्यांचे कपडे वाळत घालताना.

वकीलबाईंनी कंपनीला उत्तर लिहिलं. अपघात कसा झाला, काम कसं गेलं, आम्ही पैसे बुडवायला निघालेलो नाही, हप्ता कमी करून मुदत वाढवा. मग कंपनीनं फोन केला तेव्हा मी तो घेतला. वकीलबाईंनी शिकवलेलं वाक्य म्हटलं, "आम्हाला तडजोड करायचीय, तारीख द्या." पलीकडचा माणूस एकदम नरम आवाजात बोलायला लागला.

तडजोडीच्या दिवशी कोर्टाच्या मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. माईकवर नावं पुकारत होते. आमचं नाव, माझ्या मालकांचं पूर्ण नाव वडिलांसकट, सगळ्या हॉलभर घुमलं. मला वाटलं आता सगळे वळून बघतील. कुणी वळलं नाही. ज्याच्याकडं उधारी मागायची मला लाज वाटायची, तो कापडवाला कोपऱ्यात बसला होता. शाळेतले एक सर होते. सगळ्यांच्या माना खाली.

टेबलापलीकडं तोच बॅगवाला माणूस होता. वकीलबाई त्याच्याशी दंडाच्या व्याजावरून हुज्जत घालत होत्या. मध्येच तो मालकांना म्हणाला, "काम काय करता आता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "डबे पोचवतो. हिच्या खानावळीचे."

ते खोटं होतं. त्यांनी तोवर एकही डबा पोचवला नव्हता. जिनिंगमधला फिटर बायकोचे डबे घेऊन पोरांच्या खोल्यांवर हिंडणार, हे नुसतं सुचवलं तरी ते ताटावरून उठायचे. पण त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि कागदावर डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली.

दंडाचं व्याज बरंच कमी झालं, मुदत वाढली, हप्ता आमच्या आवाक्यात आला. सुरुवातीला थोडी रक्कम एकदम भरायची होती, त्यासाठी माझ्या पाटल्या गेल्या. पुढची खोली भाड्यानं दिली आणि आम्ही तिघं मागच्या खोलीत आलो. दुसऱ्या दिवशी मालकांनी सायकल पुसली, डब्यांच्या पिशव्या डाव्या बाजूला अडकवल्या आणि निघाले. पहिल्याच फेरीत जिनिंगचे दोघं जण वाटेत भेटले म्हणे. "काय म्हणाले?" मी विचारलं. "काय म्हणतील? एकजण उद्यापासून डबा लावा म्हणाला." ते भिंतीकडं तोंड करून झोपले. रडत होते का, मी उठून बघितलं नाही.

हप्ते चालू आहेत. अजून कितीतरी वर्षं चालतील. घर राहिलं, एवढं खरं.

समोरच्या बाईकडं मी पेढे घेऊन गेले होते. तिनं दार अर्धंच उघडलं, पेढा घेतला, "लय चांगलं झालं" म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं होतं आता आमचं येणं-जाणं सुरू होईल. तसं झालं नाही. मग तिच्या घरमालकानं भाडं वाढवलं आणि ते पिंगळीकडं कुठंतरी स्वस्तात खोली बघून निघाले. टेम्पोत सामान भरताना मी मदतीला गेले. सामान थोडंच होतं. एक कपाट, दोन पेट्या, भांड्यांची गोणी.

मला तिला बरंच काही सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "येत जा कधी."

"बघू," ती म्हणाली. "तुमी आत जा वहिनी, ऊन लागायलंय."

टेम्पो वळेपर्यंत मी उभी राहिले. तिनं मला सांगितलं होतं म्हणून माझ्या चुलीवर माझा कुकर होता. आणि ती पेट्यांवर बसून परक्या खोलीकडं चालली होती. हात हलवावा असं मनात आलं, पण स्वतःच्या दारात उभं राहून तिला निरोप द्यायची मला लाज वाटली.