कांबळेचं दुकान आणि तीन पायऱ्या

बातमी छापून येते तेव्हा तिच्यातला सगळ्यात चांगला भाग डेस्कवर कापला गेलेला असतो. ‘हा किस्सा आहे, बातमी नाही,’ असं म्हणून. या धंद्यात माझे केस पांढरे झाले आणि डेस्कनं कापलेलं सगळं माझ्याकडे साठत गेलं, माळ्यावर जुनी भांडी साठतात तसं. त्यातला बराचसा ऐवज घाटकोपरच्या कांबळेच्या दुकानातला.

कांबळे व्हीलचेअर दुरुस्त करतो. कुबड्यांचे रबर, कृत्रिम पायांचे पट्टे, कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या, सगळं त्याच्याकडे मिळतं. त्याचा स्वतःचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. शेजारच्या बिल्डिंगमधली तिघं संध्याकाळी त्याच्याकडे गप्पांना येतात. कानाला मशीन लावणारे सावंत आप्पा, डोळ्यांनी अजिबात न दिसणाऱ्या बँकेतल्या नाईक मॅडम, आणि व्हीलचेअरवरची वैशाली.

वैशालीचं एक प्रकरण चालू होतं. अंधेरीच्या ऑफिसनं तिला कळवलं होतं, घरून काम बंद, यायचं तर या नाहीतर सोडा. तिच्याकडे नवी बॅटरीवरची चेअर होती. मेट्रोला लिफ्ट आहे, ऑफिसला लिफ्ट आहे. आडव्या आल्या होत्या त्या फक्त तिच्या स्वतःच्या बिल्डिंगच्या तीन पायऱ्या. जुनी साधी चेअर भाऊ आणि वॉचमन मिळून उचलायचे, तीही संध्याकाळी, भाऊ कामावरून आल्यावर. ही बॅटरीवाली उचलायची म्हणजे कपाट उचलण्यातला प्रकार. रॅम्प हवा होता. सोसायटीचे चेअरमन म्हणत होते, रॅम्पनं एंट्रन्सचा लुक जाईल.

सरकारनं अपंगांचं नाव बदलून दिव्यांग केलं. पायऱ्या आहेत तशाच आहेत.

*

मुलुंडला एकदा साहित्यवाटपाचा कार्यक्रम होता. स्टेज उंच आणि चढायला पायऱ्या. म्हणजे ज्यांना व्हीलचेअर द्यायची त्यांना आधी चौघांनी उचलून वर न्यायचं, चेअरवर बसवून फोटो काढायचा, मग चेअरसकट उचलून खाली आणायचं. मी आयोजकांना विचारलं, तुम्ही ही चेअर वापरायची कुठे असं समजता? त्यांनी मला पेढा दिला.

यादी वर-खाली झाली होती. आप्पांचं नाव पुकारलं ते त्यांना ऐकूच गेलं नाही. शेजारच्यानं कोपरानं ढोसल्यावर ते भलत्याच वेळी उठले आणि पांढरी काठी घेऊन आले. नाईक मॅडमना कानाचं मशीन मिळालं. कांबळे तर दुरुस्तीची बॅग घेऊन स्टेजमागे उभा होता. तो लंगडतोय हे पाहून स्वयंसेवकांनी त्याला धरून वर नेलं, हार घातला आणि हातात ब्रेलची पाटी ठेवली.

परतताना तिघं गाडीत बसून लहान मुलांसारखी अदलाबदल करत होती. पाटी मॅडमकडे आधीचीच होती, ती कोणालाच नको होती.

*

कांबळे रॅम्पचं माप घेऊन चेअरमनच्या घरी बोलायला गेला. दारात वहिनींनी सांगितलं, चपला-बूट बाहेर. आता त्याच्या कृत्रिम पायाची उंची बुटाच्या टाचेवर बेतलेली. बूट काढला की माणूस मागे कलतो. हे समजावून झालं, पण वहिनी ऐकेनात. मग त्यानं बुटासकट पायच काढून दाराबाहेर ठेवला आणि लंगडी घालत सोफ्यावर जाऊन बसला.

चेअरमनचाच नियम आहे की पॅसेजमध्ये वस्तू दिसली की वॉचमननं उचलून सोसायटी ऑफिसात जमा करायची. वॉचमननं नियम पाळला. ऑफिसला कुलूप लावलं आणि जेवायला गेला.

तो येईपर्यंत कांबळेनं रॅम्पचा उतार, रेलिंग, खडबडीत लादी, सगळं सविस्तर सांगितलं. चहा दोनदा झाला.

“ताई,” मला म्हणाला, “एवढी झकास मीटिंग आयुष्यात झाली नाही. मला उठता येत नव्हतं, आणि त्यांना ऊठ म्हणता येत नव्हतं.”

*

नाईक मॅडमच्या फोनमध्ये स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारा आवाज आहे. बाईचा आवाज, सरळसोट, ना राग ना लोभ. इमोजीसुद्धा वाचते.

एका सकाळी मॅडम लिफ्टमध्ये होत्या, चेअरमनही होते. चेअरमननी कमिटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला होता. निदान त्यांची समजूत तशी होती. प्रत्यक्षात तो गेला होता सगळ्या सोसायटीच्या ग्रुपवर. मॅडमचा फोन बोलू लागला, “रॅम्पचं काहीतरी कारण सांगून पुढे ढकला. मुलगी आपोआप गप्प बसेल. डोळा मारणारा चेहरा. डोळा मारणारा चेहरा.”

चेअरमन घाईघाईनं म्हणाले, ते चुकून गेलं, मी काढून टाकतो.

“काढा ना, सावकाश काढा,” मॅडम म्हणाल्या. “मला दिसत नाही साहेब, पण तुम्ही दोनदा डोळा मारलात एवढं कळलं.”

*

या मेसेजनं अख्खी बिल्डिंग पेटली आणि रॅम्पचा विषय सर्वसाधारण सभेत घ्यावाच लागला. मी मागच्या खुर्चीवर होते. बाजूनं आणि विरोधात माणसं जवळजवळ सारखीच होती.

आप्पा पहिल्या रांगेत. मुलानं त्यांना नवीन मशीन घेऊन दिलं होतं, फोनमधला आवाज थेट कानात येणारं. इतिवृत्ताचं वाचन कंटाळवाणं म्हणून आप्पांनी कानात मॅच लावली, आणि लावलेली विसरले. बाजूची मतं मोजली तेव्हा आप्पांचा हात मांडीवर. चेअरमननी विचारलं, विरोधात कोण? नेमकी तेव्हाच विकेट पडली. आप्पांनी दोन्ही हात वर केले.

एकच हात धरला, पण तेवढा पुरला. ठराव एका मतानं पडला.

आप्पांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. “मी खंय विरोध केलंय? थंय विकेट पडली!”

वैशाली म्हणाली, “हो आप्पा. माझीच.”

*

आणि मग गणपती आले.

सोसायटीचा गणपती तळमजल्यावरच्या लॉबीत बसतो, त्याच तीन पायऱ्या चढून. मूर्ती मोठी, ट्रॉलीवरून येते. त्यामुळे दरवर्षी डेकोरेटर पायऱ्यांवर जाड फळ्या ठोकतो. उतार अगदी बेताचा, वर हिरवा गालिचा. एंट्रन्सचा लुक जातो असं गणपतीत कोणी म्हणत नाही.

मूर्ती वर गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली बॅटरीच्या चेअरवरून एकटी खाली उतरली, मेट्रोनं अंधेरीला गेली आणि संध्याकाळी परत आली. गणपती होते तोवर रोज. चेअरमन बघत होते, पण फळ्या बाप्पाच्या. बोलणार काय?

विसर्जनाला मीही गेले होते. मिरवणूक निघाली, वैशाली चेअरवरून सोबत. जवळच्या मैदानातल्या तलावात विसर्जन झालं. रीत अशी की मूर्तीचा पाट, त्यावर तलावाकाठची ओली माती, हे परत आणायचं आणि मूर्तीच्या जागी ठेवून शेवटची आरती करायची. तोवर पाट जमिनीला टेकवायचा नाही. चेअरमनचा खांदा दुखू लागला. पाट या हातातून त्या हातात फिरू लागला. शेवटी वैशाली म्हणाली, ठेवा माझ्या मांडीवर. सगळ्यांना सोयीचं झालं. ती पुढे, मांडीवर पाट, मागे ताशा आणि अख्खी सोसायटी.

गेटाशी आलो तर फळ्या गायब. डेकोरेटरला आणखी चार मंडप उतरवायचे होते. मूर्ती बाहेर पडताच त्याची माणसं फळ्या घेऊन गेली होती.

ताशा थांबला. लॉबीत बायका निरांजन लावून उभ्या होत्या. चेअरमन हात पुढे करून म्हणाले, “दे गं तो पाट, आरती खोळंबलीय.”

वैशालीनं पाट दोन्ही हातांनी धरला. “पाट आणि मी बरोबर आलो. वरही बरोबरच जाणार.”

चार पोरांनी चेअर उचलून पाहिली. चेअर हलली, पाट कलला, माती सांडायला आली. बायका ओरडल्या तशी पोरांनी सोडून दिली. तिच्या मांडीवरून पाट ओढून घ्यायची कोणाची छाती होईना. सावंत आप्पा पुढे आले, मशीन कानातून काढून खिशात टाकलं, आणि हाताची घडी घालून तिच्या शेजारी उभे राहिले.

निरांजनात दुसऱ्यांदा तूप घातलं गेलं. मग चेअरमननी डेकोरेटरला फोन लावला. गर्दीत ऐकू येईना म्हणून स्पीकरवर टाकला.

“फळ्या परत आण,” चेअरमन म्हणाले. “आत्ता.”

“आणतो साहेब. पण मग काढायला कधी येऊ?”

वैशाली फोनकडे वाकली.

“पुढच्या वर्षी,” ती म्हणाली. “आणि लवकर येऊ नको.”