अनुमोदक: चंपाबाई नथू घारे

गावाचं नाव सांगत नाही. उर्श्याच्या टोलनाक्यापासून फार लांब नाही, एवढंच समजा. नाव घेतलं तर गावाचं काही जायचं नाही, माझी अब्रू जाईल, आणि ती कितीशी उरली आहे ते पुढे कळेलच.

मी निवृत्ती. सव्वीस वर्षं ग्रामपंचायतीत क्लार्क होतो. ग्रामसेवकांकडे तीन गावं. ते यायचे सहीपुरते. मासिक सभेचं इतिवृत्त लिहायचो मी. माझं अक्षर इतकं सुरेख की तालुक्याचे साहेब माझी वही दुसऱ्या गावांना दाखवायचे. त्या वहीचा मला भारी माज होता. आज तीच वही डोळ्यांसमोर आली की मान खाली जाते.

चंपाबाई नथू घारे महिला राखीव जागेवर निवडून आल्या तेव्हा पंचेचाळिशीच्या होत्या. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायच्या. शिक्षण चौथी. माहेर आमच्याच गावच्या वरच्या वाडीतलं, डोंगराच्या पोटातलं. आईबाप लवकर गेले, चुलती आक्काबाईनं वाढवलं. चुलती-पुतणी पहाटे करवंदांच्या पाट्या डोक्यावर घेऊन बेगडेवाडीला उतरायच्या, तिथून गाडीनं लोणावळा स्टेशन. "गाडी दोन मिन्टं थांबायची, भाऊ," चंपाबाई मला सांगायच्या, "तेवढ्यात गिऱ्हाईकाला पटलं पायजे. काकू म्हनायची, पाल्हाळ लावू नगं, मुद्द्याचं बोल." बोलायचं शिक्षण ते एवढंच, आणि ते आमच्या सगळ्या सदस्यांच्या शिक्षणाला भारी पडलं.

पहिल्या सभेला त्यांचे मालक नथू रिवाजाप्रमाणे आत येऊन खुर्चीवर बसले. आमच्याकडे बाई निवडून यायची आणि नवरा बसायचा. बाईच्या सह्या वही घरी पाठवून घ्यायचो. चंपाबाई दारातूनच म्हणाल्या, "अवं, बाळंतपनाला माझ्या जागी बसला व्हता का? मंग हितंबी नगा बसू." नथूभाऊ उठले, सभा हसली. मीही हसलो. पण मनात म्हटलं, ही बाई डोक्याला ताप होणार.

ताप नाही झाल्या, पण प्रत्येक सभेत बोलल्या. अंगणवाडीचं छप्पर कुठल्या कोपऱ्यात गळतं, शाळेत मुलींच्या संडासाला कडी का नाही, खालच्या आळीचा नळ किती वाजता जातो, सगळं स्वतः बघून आलेलं असायचं. बोलून झालं की माझ्याकडे वळून विचारायच्या, "भाऊ, माझं लिवलं का?"

"लिहिलं की," मी म्हणायचो.

एक अक्षर लिहिलेलं नसायचं. माझी पद्धत ठरलेली होती. आल्या आल्या हजेरीच्या सह्या घ्यायच्या आणि खाली मजकूर सावकाश भरायचा: 'साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.' ठराव मांडणारा तो सूचक, त्याला पाठिंबा देणारा तो अनुमोदक. ही नावं कोण काय बोललं ते बघून मी घालत नव्हतो, पाळीनं घालायचो. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत नऊ सदस्यांची यादी चिकटवलेली होती. कुणाचं नाव जास्त वेळा आलं, कुणाचं कमी, यावरून रुसवेफुगवे नकोत. लग्नातल्या टॉवेल-टोपीवरून वर्षभर न बोलणारं आमचं गाव, त्यामुळे मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटायची.

मग झऱ्याचा विषय आला. वरच्या वाडीच्या झऱ्यालगत गायरानातून एका रिसॉर्टला रस्ता हवा होता आणि शेजारी दोन बोअर. पंचायतीची ना हरकत पाहिजे होती. सरपंच दत्तोबा यांनी विषय वाचला आणि सगळे चहाच्या कपात बघू लागले. चंपाबाई उठल्या.

"मी परवा झऱ्यावर बसून मोजलंय," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात तासाला सा हंडं भरत्यात. पंचवीस घरं त्यावर हायती. शेजारी बोअर मारली तर पैल्या साली साचं तीन हंडं व्हतील, दुसऱ्या साली झरा डोळं मिटंल. रिसॉर्टवाल्याला टँकर परवडतो. वाडीला कोन पानी आनून देनार, तुमी? माझा इरोध हाय. भाऊ, लिवा."

मी पेन हातात धरून मान हलवली. बाकीच्या आठांतलं कुणी हूं की चूं केलं नाही. सरपंच म्हणाले, मंजूर. संध्याकाळी मी वही पुरी करायला बसलो, यादी बघितली आणि त्या महिन्याची पाळी होती ते नाव घातलं: 'अनुमोदक: चंपाबाई नथू घारे.' हात अडखळला. देवाशपथ सांगतो, अडखळला. पण पाळी मोडली तर पुढची सगळी यादी विस्कटते, असा विचार करून मी शाई टिपली. कुणी मला सांगितलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं. यादी विस्कटू नये, एवढ्यासाठी मी हे केलं.

दोन वर्षांनी झरा आटला. वाडीतली कॉलेजात जाणारी समीक्षा, तिनं माहिती अधिकारात अर्ज टाकून ठरावाची नक्कल काढली आणि ग्रामसभेत खड्या आवाजात वाचली. मंडपात अनुमोदकाचं नाव ऐकू आलं आणि आक्काबाई काठी टेकत उभ्या राहिल्या.

"चंपे," त्या म्हणाल्या, "झऱ्यावर हंडं मोजाया आलतीस तू. कुनासाठी मोजलंस गं?"

चंपाबाई उठून उभ्या राहिल्या. "काकू, म्या इरोध केलता. भाऊंना इचारा. मी इचारलं व्हतं, लिवलं का. भाऊ व्हय म्हनले व्हते. भाऊ, सांगा की."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. एक वाक्य बोलायचं होतं: चूक माझी आहे, नाव मी पाळीनं घातलं. नोकरीचं दीड वर्ष उरलं होतं. सरपंच जमिनीकडे बघत होते, सदस्यही. त्यांची लाज त्यांनी बघावी. मी वहीवर हात ठेवला आणि म्हणालो, "वहीत आहे तीच नोंद खरी."

दोन मिनिटांत गिऱ्हाईक पटवणारी बाई ती, पण चंपाबाई खाली बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. आक्काबाई त्यांच्या अंगावरून वाडीकडे चालत्या झाल्या. त्यानंतर वाडीत चंपाबाईंना कुणी घरात घेतलं नाही. माहेरचा झरा विकणारी, असं नाव पडलं. पुढच्या निवडणुकीला त्या उभ्याच राहिल्या नाहीत.

मी रिटायर झालो, सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात सरपंच म्हणाले, निवृत्तीभाऊंची वही म्हणजे गावाचा आरसा. मला तिथून पळून जावंसं वाटलं. तरी चंपाबाईंच्या दारात जायला मला आणखी आठ महिने लागले.

त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: यादी, पाळी, न लिहिलेली पाच वर्षं. त्या खडे वेचत राहिल्या.

"लिवत न्हाई हे मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या मिटिंगीपासनं. मी बोलायची तवा तुमचं पेन हालत नसायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, कवातरी तुमालाच लाज वाटंल. दर मिटिंगीला इचारत व्हते की." सूप बाजूला ठेवून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "पर माझं नावच उलटं घालाल, हे न्हाई वाटलं. आन त्या दिशी मंडपात मी तुमाला वाट करून दिलती, भाऊ. तुमी न्हाई उठला."

मी म्हणालो, येत्या ग्रामसभेत उभा राहून सांगतो, लेखी देतो.

"द्या की. वाडीतल्या पोरींला कळू द्या." त्या थांबल्या. "पर काकू गेली गेल्या श्रावणात. शेवटाला मी पानी घेऊन गेलते. तोंड फिरवलं तिनं. माझ्या हातचं घेतलं न्हाई."

मी जायला निघालो तर म्हणाल्या, "बसा, च्या ठेवते." आक्काबाईनं जिच्या हातचं शेवटचं पाणी नाकारलं, तिनं मला चहा दिला. नको म्हणायचं तोंड मला नव्हतं. सगळा कप प्यालो.