सोयाबीनच्या ताडपत्रीचं शीड

आमच्या भागवतला आसेगावात कोणी शहाणा म्हणत नाही, आणि त्याला त्याचं काही वाटतही नाही. थ्रेशर येण्याआधी मात्र त्याच्याशिवाय गावात वाऱ्यावर धान्याची उफणणी होत नसे. तिवईवर चढून टोपलं उंच धरलं की मान न वळवता सांगायचा, "वारा पडून राह्यला, चहा पिऊन घ्या." चहा संपायच्या आत वारा हजर. मग मशिनी आल्या आणि भागवतला वाटलं, आपल्यासोबत वाराही बेकार झाला. "इतका वारा फुकटच चालला ना बाप्पा," म्हणत तो कैक दिवस हळहळला.

त्या वाऱ्याला काम द्यायचं म्हणून त्यानं नाव केली. गावाखाली तलाव आहे. तलावाच्या पल्याड त्याच्या बायकोचं, मनकर्णाबाईचं माहेर. घराचं कौल इथून दिसतं, पण सडकेनं जायचं तर दोन ऑटो बदला, आणि दुसरा ऑटो भरेपर्यंत फाट्यावर माश्या मारा. तिची म्हातारी आई तिकडे असते. भागवतनं फुलचंद सुताराकडून फळ्या जोडून घेतल्या, मधोमध बांबू उभा केला आणि सोयाबीनच्या गंजीवरची निळी ताडपत्री शीड म्हणून बांधली. आम्ही हसायला काठावर जमलो. नाव सरळ पल्याड गेली. हसायला आलेले आम्ही शेतात कामं आठवून निघून गेलो.

यंदा वैशाखात वादळ झालं. नाव उडाली ती बाभळीवर आदळली. बांबू मोडला, बुडाच्या फळ्या फुटल्या. ताडपत्री मारुतीच्या कळसाला गुंडाळलेली सापडली. देवानं पांघरली असेल तर, म्हणून ती काढायला कोणी धजेना.

"जाळा ते लाकूड," मनकर्णाबाई म्हणाली. "चुलीले तरी कामी येईन."

"नागपंचमीले तुले नावेनंच माहेरी नेतो," भागवत म्हणाला.

"नेल्यावर सांगा."

भागवतनं आता फुलचंदच्या दारातच मुक्काम ठोकला. फुलचंदनं जन्मभर तिफणी आणि बैलगाड्या केल्या. नाव पालथी करून त्यानं विचारलं, "हिचं पुढं कोन्तं?" पहिल्या वेळीही त्यानं हेच विचारलं होतं. फळ्या बसल्या, फटींत डांबर भरलं, नवा बांबू आला. मारुतीची माफी मागून भागवतनं कळसावरची ताडपत्रीही उतरवली. पाऊस लागला तसा भागवतनं नावेला गोठ्यात नेलं. खाली कोरडं कुटार, म्हणजे सोयाबीनचा भुसा, अंथरलं, वर थेंब गळतो का ते रोज पाहिलं. बैल अंगणात भिजत उभे आणि नाव गोठ्यात कुटारावर निजलेली. मनकर्णाबाई जाता-येता कपाळावर हात मारायची.

पंचमी आठवड्यावर आली तेव्हा नारळ फोडून नाव पाण्यात लोटली. भागवत शीड धरून ताठ उभा. आणि प्रत्येक फटीतून तलाव आत आला. नाव अगदी शांतपणे कंबरभर पाण्यात बसली. भागवत तसाच ताठ.

"माह्या कामात खोट नाई," फुलचंद काठावरून ओरडला. "पानीच लय पातळ हाये!"

संध्याकाळी भागवतच्या घरी लोक बसायला आले. सुतकाच्या घरी जाते तशी शेजारून पिठलं-भाकरीही आली. मनकर्णाबाईनं ती वाढली. भागवत ताटाकडे नुसता पाहत होता. बिचाऱ्याचं तोंड पाहवत नव्हतं.

"अवो, गाडीचं चाक खिळखिळं झालं तं काय करता?" तिनं विचारलं.

"पान्यात ठेवतो. लाकूड फुगलं का आवळून येते."

"मंग नावेले दोन महिने कुटारावर काहून निजवली?"

भागवतनं भाकरीचा तुकडा मोडला तो मोडलेलाच राहिला. मग तो भराभर जेवला.

नाव बुडालेलीच ठेवली. रोज सकाळी तो पाण्यात उतरून हातानं फटी चाचपायचा. गावानं ठरवलं, गेला हा कामातून.

पंचमीच्या सकाळी आम्ही बादल्यांनी पाणी उपसलं. फुलचंद नावेत उकिडवा बसून फटींकडे टक लावून होता, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसा. पाणी काही आलं नाही. मागे वळलो तर मनकर्णाबाई काठावर उभी. हिरवा चुडा, हातात गाठोडं. आम्ही पहिली बादली उपसली तेव्हापासूनच ती तयार होऊन उभी होती. ती सरळ नावेत चढली. बादली घेऊन मीही बसलो, कारण भागवतवर माझा तेव्हाही भरवसा नव्हता.

भागवतनं मूठभर कुटार वर उधळलं, ते कुठं जातं ते पाहिलं आणि ताडपत्री ओढली. नाव निघाली. अर्ध्या तलावात मी रिकाम्या बादलीला टेकून बसलो आणि मला फार बरं वाटलं.

पल्याड मनकर्णाबाईचा भाऊ रामकिसन आणि आई उभे होते.

"या भाऊजी!" रामकिसन म्हणाला. "मी म्हनलं, तुमी तलावाच्या तळालेच वावर घेतलं."

म्हातारीनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, मग जावयाकडे वळली. "तुमची बायको लय हट्टी हाये, जवाईबापू. हा दोन खेपा मोटरसायकल घेऊन तिले न्याले आला. तं ही म्हने, येईन तं नवऱ्याच्या नावेनंच येईन. वैशाखापासून तोंड नाई दाखवलं मले."

दोन्ही खेपांना भागवत फुलचंदच्या दारात बसला होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती गाठोड्याची गाठ सोडण्यात गुंतलेली. काय करावं ते न सुचून भागवत नाव ओढत कोरड्या काठावर घ्यायला लागला.

"पान्यातच राहू द्या तिले," मनकर्णाबाई मान वर न करता म्हणाली. "वापस जायचं हाये."