रुईच्या गाठीची पट्टी आणि पल्लवीचा ब्लाउज

काय सांगू बायांनो, तोंड लपवायला जागा उरली नाही. समुद्रपुरात मी इतकी वर्षं बायकांचे ब्लाउज शिवते, आणि नाक कापलं गेलं ते पोटच्या पोरीच्या साक्षगंधात, साखरपुड्याच्या भर मांडवात.

पल्लवीनं मोबाइलवर फोटो दाखवला. "आई, मले असाच कॉर्सेट ब्लाउज पायजे." मागे नाडी, पुढे उभ्या शिवणी, कंबर चिमटीत मावेल एवढी. म्हटलं, त्यात काय मोठं? दुहेरी जाड कापड घ्यायचं, उभ्या नळ्या शिवायच्या, त्यांत प्लास्टिकच्या काड्या सरकवायच्या. काड्या कापडाला गोळा होऊ देत नाहीत, आणि नाडी ओढली की कंबर आत जाते.

पण काड्या मिळाव्यात ना? गावात कुठेच नाहीत. तेवढ्यात आमचे हे कापसाच्या जिनिंगमधून, कामावरून आले. रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, गाठ आवळायच्या पोलादी पट्टीचे तुकडे त्यांनी कुंपणासाठी आणले होते. झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला. फुगणारी रुई जी पट्टी दाबून धरते, तिला माझी पोरगी काय जड?

हे म्हणाले, "अवो, ते लवत नाई."

"तुमाले शिवणातलं काय समजते?"

कडांना कापड गुंडाळून पट्ट्या बसवल्या. वर शहाणपणा असा, की कमरेखाली चार बोटं उतरवल्या. आकार काय आला म्हणता! पोरगी आरशासमोरून हटेना. पण आरशासमोर ती उभीच होती, मग मला कळावं कसं?

साक्षगंधात तिला पाटावर बसवायला गेले, तर बसताच येईना. पुढे होणाऱ्या सासूच्या पाया पडायची वेळ आली. पल्लवीनं हात जोडले आणि तशीच ताठ उभी राहिली.

"वाक ना माय," मी कुजबुजले.

"वाकूनच राह्यली ना मी." इंचभर हलली नव्हती.

सासूचा चेहरा उतरला. मुलाची आत्या म्हणाली, "पोरगी लय गुर्मीची दिसते." चांगलं स्थळ हातातून निसटताना मला डोळ्यांनी दिसत होतं. काहीतरी सावरायचं म्हणून मी बोलून गेले, "तिची कंबर धरली जी."

संपलं सगळं.

"कवापासून? अन् काऊन लपवलं तुमी?" आत्याबाई कडाडल्या. मुलाचे मामा म्हणाले, "मणक्याचं दिसते. वर्ध्याले नेऊन एक्स-रे काढू, मंग ठरवू." एक्स-रेत मणका कुठला दिसणार? माझ्या पट्ट्याच दिसल्या असत्या.

पल्लवीचे डोळे भरले, आणि रडायलाही तिला श्वास पुरेना. तिला आणि तिच्या होणाऱ्या सासूला मी आतल्या खोलीत नेलं, नाडी सोडली आणि ब्लाउज त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो चाचपला. घरचा कापूस दरवर्षी जिनिंगला घालणारी बाई ती.

"हे त गाठीची पट्टी होय," त्या म्हणाल्या. मी पल्लवीला माझ्या हातचा जुना साधा ब्लाउज काढून दिला.

पल्लवी साध्या ब्लाउजात बाहेर आली आणि वाकली ती थेट डोकं त्यांच्या पायाला टेकवून. त्यांनी तिला उठवून जवळ घेतलं. माझा जीव भांड्यात पडला. मग माझ्याच गिऱ्हाइकांनी भरलेल्या त्या मांडवात विहीणबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोरगी आमाले पसंत आहे. लग्नाचे ब्लाउज मात्र आमी हिंगणघाटले शिवू."