जयराजच्या गाडीखालचा लाल बार

गेल्या दसऱ्यानंतर कुपवाडच्या चहाच्या गाड्यांवर एकच विषय होता. धुळा मेटकरीनं म्हणे विश्रामबागेतल्या जयराजसाहेबांच्या गाडीखालचा नवाकोरा लाल बार काढून नेला आणि त्या जागी भंगारातला काळा डकवला. तेही भरदिवसा, मालकाच्या दारात, मालकालाच शिव्या देत. कुणी सांगे, तो लाल बार मिरजेत दुसऱ्या गाडीला लागलासुद्धा. कुणी सांगे, धुळाचं डोकंच फिरलंय. हे दुसरं पटायला कुणालाच जड गेलं नाही, कारण धुळाचं डोकं जागेवर असलेलं कुणी पाहिलंच नव्हतं.

धुळा मूळचा आटपाडीकडचा. बापाची मेंढरं होती. ती सोडून कुपवाडला ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्या करणाऱ्या कारखान्यात लागला. बारा वर्षं टिकला. मग एक दिवस मालकानं चीर गेलेली पाटी रंग मारून गिऱ्हाइकाला द्यायला सांगितली, तेव्हा धुळानं हातातला हातोडा मालकाच्या काचेच्या केबिनवर फेकला आणि आपला डबा घेऊन घरी आला. बायको बयाबाईनं एवढंच विचारलं, "डबा तरी खाल्ला का?"

तेव्हापासून त्याचं स्वतःचं शेड. काम एकच. उंच गाडी वळणावर झोकांडी खाते. ती आवरायला डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारा आडवा पोलादी बार खालून असतो. कंपनीचा बार काढून धुळा त्याहून जाड, स्वतः वाकवलेला बार बसवी. वाकवलेला बार कच्चा असतो. तो शेजारच्या गल्लीत पायगोंडाआण्णांच्या भट्टीत तापवून, तेलात बुडवून, पुन्हा मंद भाजून आणायचा. यालाच पाणी देणं म्हणतात. पाणी दिलेला बार आला की धुळा त्यावर कानस ओढी. कानस घसरली तर बार पक्का. मग कपाळाला लावावी तशी भंडाऱ्याची चिमूट बारला लावायची, आणि गाडीला बसवताना वरून लाल रंग. ज्याला भंडारा नाही तो कच्चा, ही शेडातली रीत.

आणि कच्चं काम विकणाऱ्यांवर त्याचा असा राग, की सांगलीतल्या सजावटीच्या दुकानांवरून जाताना तो गाडीवरूनच थुंके. "कच्चा बार घालणाऱ्याला घाटातनं ढकलून दिला पायजे," हे त्याचं रोजचं वाक्य. चहा थंड मिळाला तरी तेच म्हणे.

तर दसऱ्याच्या सकाळी जयराज आला. हा बेदाण्याचा व्यापारी. गाडी हत्तीएवढी. आदल्या दिवशीची खंडेनवमीची पूजा अजून शेडात ताजी होती, जॅकलाही झेंडूची माळ. बारा वर्षांची मुलगी प्रांजल बरोबर होती, पाचगणीला शाळेत राहणारी.

"धुळा, पोरगी वकते घाटात. पसरणीच्या वळणांत गाडीचा नुसता झोपाळा होतो."

"गाडीचा झोपाळा हुतोय का तुमी करताय? ऐंशीनं वळण मारल्यावर पोरगी वकंल न्हाईतर काय आरती म्हणंल?"

प्रांजल खुदकन हसली. "बाबा, मी हेच सांगत होते."

जयराजचा चेहरा पडला. धुळानं भंडारा बघून बार उचलला, लाल फवारा मारला, बसवला. जाताना दम दिला, "बार हाय म्हणून उडू नका. परवा निघताय न्हवं? साठीच्या वर गेलासा तर माझ्याकडं परत येऊ नका." जयराज रागानंच गेला.

दोन दिवसांनी सकाळी धुळा शेडातल्या दोनांपैकी उरलेला बार घेऊन पायगोंडाआण्णांकडे गेला. हा कच्चा, याला पाणी द्यायचं. आण्णांनी सवयीनं कानस ओढली आणि चष्म्यावरून बघितलं.

"धुळा, ह्याला पाणी दिलंय की रं. दोनदा देतोस?"

"आण्णा, म्हातारपणी कानस बी कळंना व्हय तुमास्नी?"

"तूच ओढ."

धुळानं ओढली. कानस चुईं करून घसरली. ओरखडासुद्धा नाही.

"तुमी अदलाबदल केलीसा! मी सांगतो, तुमच्या भट्टीला—"

"तुझं बार दोन हुतं. मी एकालाच पाणी दिलंय, त्यो ह्यो. दुसरा तू आणलाच न्हाईस."

धुळानं आणखी एक शिवी काढली, आणि त्याचं लक्ष आपल्या अंगठ्याकडे गेलं. अंगठा बारवरच्या भंडाऱ्यानं पिवळा झाला होता. धुळाची शिवी अर्ध्यावर राहिलेली आण्णांनी वीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकली.

कच्चा बार जयराजच्या गाडीखाली होता. असा बार पहिली चार वळणं सरळ काढून देतो, पाचव्याला वाकतो आणि वाकलेलाच राहतो. मग गाडी एका अंगाला ओढते. पसरणीच्या घाटात एका अंगाला दरी आहे. धुळानं फोन लावला. जयराजनं कापला. परत लावला, परत कापला. मग पक्का बार मोटारसायकलला ट्यूबच्या रबरानं बांधून तो विश्रामबागेकडे सुटला, आणि वाटेत आडव्या आलेल्या प्रत्येकाचा त्यानं उद्धार केला.

गाडी दारात होती. बॅगा भरलेल्या, प्रांजल आत बसलेली.

"उतर खाली," धुळा ओरडला आणि गाडीखाली जॅक सरकवला.

"अरे, हे काय चाललंय?" जयराज धावत आला. "अकराला निघायचंय आम्हाला."

"बारा वाजंस्तवर चाक हलणार न्हाई."

"परवा तर बसवलास! काय झालंय त्याला?"

'कच्चा हाय' हे दोन शब्द धुळाच्या ओठांवर आले.  पण ज्या तोंडानं वीस वर्षं लोकांना घाटातनं ढकलून दिलं, त्या तोंडातून ते निघेनात. राग मात्र नेहमीसारखा तयार होता.

"काय व्हायचंय? मला पसंत न्हाई. माझा बार, माझी मर्जी!"

जयराजची बायको कीर्ती बाहेर आली. "एवढा चकचकीत काढून हा काळा भंगार घालताय?"

"रंग काय भाकरीवर लावून खायाचाय?"

"चोरी आहे ही सरळसरळ!"

"व्हय, चोरी! जावा, सांगा जगाला!"

त्यांनी सांगितलं. शेजाऱ्यानं मोबाइलवर काढलेलं चित्रण दुपारपर्यंत कुपवाडला पोचलं. त्यात धुळा, खांद्यावर लाल बार, तोंडात शिवी. त्या महिन्यात शेडाकडे एक गाडी फिरकली नाही.

प्रांजल पाचगणीला पोचली. वाईच्या पुढं एकदा वकली.

त्याच संध्याकाळी धुळानं लाल बार शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळला, टोकाला लांब पाइप घातला आणि अंगाचा सगळा जोर टाकला. बार वाकला. सोडला तरी वाकलेलाच राहिला. धुळानं पाइप भिंतीवर फेकला.

बयाबाई दारातून बघत होती. "सांगून टाका की. लोक चोर म्हणत्यात तुमास्नी."

"म्हणू दे."

"मग मी सांगते."

"सांग! तुझं तोंड कुणी धरलंय?"

तिनं सांगितलं. खरं एवढंच आहे. लाल बार कच्चा होता. खंडेनवमीला शेडातल्या सगळ्या हत्यारांना भंडारा लावताना धुळानं तो त्या बारलाही लावला, आणि दसऱ्याला भंडारा बघून, कानस न ओढता, तोच बसवला. काळा बार पक्का होता. चोरी झालीच नव्हती.